आईचं शुगरचं मशीन: अॅक्यु-चेक इन्स्टंट

आईला टाईप टू डायबेटिस आहे, गोळ्या चालू आहेत, दर तीन महिन्यांनी लॅबमधून एचबीएवनसी (मागच्या दोन-तीन महिन्यांच्या सरासरी शुगरची टेस्ट) होतंच, पण मधल्या काळात घरी पण बघत जा असं डॉक्टर म्हणाले म्हणून हे मशीन घेतलं. आई आता स्वतःचं स्वतः करते, कुणाला हाक मारावी लागत नाही, हेच मला सगळ्यात जास्त आवडलं. स्ट्रिप घातली की मशीन आपोआप सुरू होतं, कोड वगैरे टाकायची भानगड नाही, रक्ताचा अगदी बारीक थेंब पुरतो आणि चारेक सेकंदात आकडा येतो. आकडे मोठे आहेत, चष्मा न लावता दिसतात. बाजूला रंगांची पट्टी आहे, शुगर ठरवलेल्या रेंजच्या वर आहे की खाली ते त्यावरून लगेच कळतं.

टोचायचं पेन पण चांगलंय, सुई किती खोल जाणार ते फिरवून सेट करता येतं. बोटाच्या मधोमध नका टोचू, कडेला टोचा, तिथे कमी दुखतं आणि दरवेळी बोट बदला. हात मात्र साबणाने धुवून नीट कोरडे करायचेच, आंबा चिरून तशाच हाताने टेस्ट केली तर बोटावरच्या रसाची साखर थेंबात मिसळते आणि भलताच मोठा आकडा येतो, माणूस उगाच घाबरतो.

आता खर्चाचं. मशीन एकदाच घ्यायचं, खरा खर्च स्ट्रिपचा, एका टेस्टला वीसेक रुपये धरून चाला. त्यामुळे कुठलंही मशीन घेताना आधी स्ट्रिपचा भाव विचारा आणि ती आपल्या गावच्या मेडिकलमध्ये नेहमी मिळते का ते बघा. आम्ही अकोल्याचे, इथे मे महिन्यात पारा 44 च्या वर जातो आणि स्ट्रिपच्या डबीवर लिहिलंय 4 ते 30 डिग्रीत ठेवा! फ्रीजमध्ये ठेवू नका, तिथे ओल पण लागते आणि थंडी पण जास्त होते. आमच्याकडे डबी कूलरच्या खोलीत असते, पण कूलरच्या वाऱ्यापासून लांब कपाटात, झाकण घट्ट लावून.

स्ट्रिप महाग म्हणून रोज सकाळी नुसती उपाशीपोटी एक टेस्ट करण्यापेक्षा डॉक्टरांनी आम्हाला जोडीने टेस्ट करायला सांगितलं, म्हणजे जेवणाआधी एक आणि पहिल्या घासापासून बरोब्बर दोन तासांनी एक. याचा फार फायदा झाला. एकादशीला साबुदाण्याची उसळ खाल्ली तर 128 वरून 241! दुसऱ्या दिवशी ज्वारीची एक भाकरी, पिठलं आणि भरपूर काकडी, तर 131 वरून 168. आईला इतकी वर्षं सगळे सांगत होते साबुदाणा कमी कर, ती ऐकत नव्हती, पण स्वतःच्या बोटातून निघालेला आकडा बघितल्यावर पुढच्या एकादशीला तिने स्वतःहून भगर घेतली, ती पण वाटीभरच. (भगरीनेही वाढते, पण आईची कमी वाढली.)

आणि एका संध्याकाळी आईला घाम सुटला, हात थरथरायला लागले, मशीनवर 62, म्हणजे शुगर फारच खाली गेलेली. लगेच तीन चमचे साखर पाण्यात घालून दिली, पंधरा मिनिटांनी परत बघितलं तर 94, मग जेवायला वाढलं. ती ग्लिमेपिराइड घेते, त्या गोळीवर जेवायला उशीर झाला की असं होऊ शकतं, आणि नुसत्या अंदाजावर बसलो असतो तर बीपी किंवा थकवा समजून झोपवलं असतं. डॉक्टरांना रीडिंगची वही दाखवली तेव्हा त्यांनी डोस कमी केला. इन्सुलिन किंवा असल्या गोळ्या चालू असतील तर मशीन घरात हवंच, याबाबत माझं मत ठाम आहे.

लॅबच्या आकड्याशी तंतोतंत जुळेल अशी अपेक्षा मात्र ठेवू नका, घरच्या मशीनमध्ये 15 टक्क्यांपर्यंत फरक चालतो, म्हणजे लॅबला 200 असेल तर इथे 175 किंवा 225 पण येऊ शकतं. म्हणून एका आकड्यावरून स्वतःच्या मनाने गोळी वाढवायची किंवा बंद करायची नाही. सुई दुसऱ्या कुणाला वापरायला द्यायची नाही, वापरलेल्या सुया आम्ही जाड प्लास्टिकच्या बाटलीत टाकतो.

माझ्याकडून पाचपैकी साडेचार, अर्धा स्ट्रिपच्या किमतीसाठी कापला. घेताना डबीवरची एक्सपायरी नक्की बघा, सेलमध्ये स्वस्त मिळणाऱ्या डब्यांची बरेचदा जवळ आलेली असते.