ब्लूज स्केल: बॉक्स पाठ करावा की आधी सरगम गावी?

सांगली-मिरजेकडे गिटार धरणाऱ्या पोरांपुढे ब्लूज स्केल (ब्लूज या अमेरिकन संगीताची सहा सुरांची सरगम) शिकायच्या दोन वाटा असतात.

बॉक्सची, म्हणजे बोटांचा ठरलेला आकार पाठ करायची, वाट सोपी. ए ब्लूजसाठी (ए हा सा धरून) पाचव्या फ्रेटवर (गिटारच्या पट्टीवरच्या घरावर) पहिलं बोट, आणि जाड तारेपासून बारीक तारेपर्यंत प्रत्येक तारेवर क्रमाने हे फ्रेट: ५-८, ५-६-७, ५-७, ५-७-८, ५-८, ५-८. हाच आकार तिसऱ्या फ्रेटवर सरकवला की जी ब्लूज तयार. बोटं लवकर पळतात, पण बरेच जण मग जिना चढल्या-उतरल्यासारखं वरखाली वाजवत बसतात.

सरगमची वाट: सा, कोमल ग, म, तीव्र म, प, कोमल नी. तीव्र म वगळला तर हे धानी रागाचेच सूर. घरात पेटी, कानाला भजनाची सवय, असं असेल तर हे चटकन उमगतं. आधी गायचं, मग तारेवर शोधायचं. वेळ जातो, बोटं चाचपडतात. पण ब्लूजचा खरा रंग इथेच सापडतो: कोमल ग किंचित खेचून शुद्धच्या अलीकडेच सोडायचा, तीव्र म वर मुक्काम नाही, तिथून म किंवा प कडे जायचं. मिरजेच्या सतारीवरची मींड (एका सुरावरून दुसऱ्यावर सलग सरकणं) ऐकलेल्याला तार खेचणं वेगळं शिकवावं लागत नाही. (हा आपला फुकटचा फायदा!)

माझा कल अर्थातच सरगमकडे. गायची लाजच वाटत असेल तर खुशाल बॉक्स घ्या, फक्त ए७, डी७, ई७ या कॉर्डच्या (एकत्र वाजणाऱ्या सुरांच्या) बारा बारच्या (बारा मापांच्या आवर्तनाच्या) साथीवर वाजवा. कुठल्या सुरावर थांबायचं, ते साथीशिवाय कळत नाही.