दोन सिलिंडरचा 12 व्होल्ट कंप्रेसर: नागपूरहून स्पितीला गाडी नेणार असाल तर

हिमाचलातल्या स्पितीला स्वतःची गाडी न्यायची म्हटलं की आपल्याकडची तयारी टायरपाशी संपते. नवे टायर घातले, स्टेपनी बघितली, सर्व्हिसिंग केलं, निघाले. टायरमधल्या हवेचा विचार होतो तो फक्त पेट्रोलपंपावर. पण ग्रांफू ते लोसर हा सुमारे 80 किलोमीटरचा टप्पा, छत्रू आणि बातलवरून कुंझुम खिंडीत चढणारा, अजूनही बराचसा कच्चा आहे. गोटे, गिट्टी, आडवे वाहणारे नाले, आणि मधे भरवशाचा पंक्चरवाला नाही. या रस्त्यावर हवा कमी करून चालावं लागतं आणि डांबर लागलं की परत भरावी लागते. कमी करायला काडी पुरते. भरायला काय न्यायचं, याचा हा रिव्ह्यू.

बाजारात हवा भरायच्या कंप्रेसरचे तीन प्रकार मिळतात. पहिला, मोबाइलसारखा चार्ज होणारा, हातात मावणारा. दुसरा, सिगारेट लायटरच्या सॉकेटमध्ये खुपसायचा. तिसरा, बॉनेट उघडून थेट बॅटरीला चिमटे लावायचा, दोन सिलिंडरचा. स्पिती, झंस्कार, लडाख या कोरड्या दऱ्यांसाठी तिसराच घ्यावा, असं माझं स्पष्ट मत आहे. साधारण पाच ते दहा हजारांत येतो. एकच यंत्र वेगवेगळ्या रंगांत, वेगवेगळ्या नावांनी विकलं जातं, त्यामुळे डब्यावरचं नाव वाचण्यापेक्षा आतला माल बघावा.

सॉकेटवाला का नको? बहुतेक गाड्यांत त्या सॉकेटचा फ्यूज 10 ते 15 अँपिअरचा असतो, म्हणजे फार तर 120 ते 180 वॉट. त्यापेक्षा मोठी मोटर तिथे चालूच शकत नाही. दोन सिलिंडरचा कंप्रेसर 20 ते 30 अँपिअर ओढतो, म्हणून त्याला थेट बॅटरी लागते. छोटी मोटर एखाद्या टायरला दोन-तीन पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) द्यायला ठीक आहे. चारही टायर 25 वरून 33 वर न्यायचे तर ती मधेच तापून बंद पडते. चार्जिंगवाल्याचं दुखणं वेगळं. लिथियमची बॅटरी साधारण 0 ते 45 अंशांत चार्ज करावी असं उत्पादकच सांगतात. मे महिन्यात नागपुरात बर्डीवर उन्हात लावलेल्या गाडीत ती 45 च्या वर जाते आणि कुंझुमच्या अलीकडे तंबूत रात्री शून्याच्या खाली. शहरात रोजच्या वापराला ते यंत्र छान आहे, या प्रवासात ते दुसरं म्हणून ठेवा.

आता हातात घेऊन काय बघायचं. सगळ्यात आधी वायर. जाड यंत्राला बारीक वायर लावून पैसे वाचवलेले असतात. बारीक वायरमध्ये व्होल्टेज पडतं, मोटर हळू फिरते आणि वायर गरम होते. पाच मिनिटं चालवून वायर मुठीत धरा. कोमट असेल तर चालेल, चटका बसला तर परत करा. चिमटे दाबून बघा: स्प्रिंग कडक हवी, आणि दोन्ही जबड्यांना तांबं किंवा पितळ हवं. पुष्कळ चिमट्यांत एकाच जबड्याला वायर जोडलेली असते आणि दुसरा नुसता शोभेला. वायरमध्ये 30 किंवा 40 अँपिअरचा फ्यूज असलाच पाहिजे, आणि तसेच दोन फ्यूज डब्यात जास्तीचे ठेवा. लहान गावात हा फ्यूज मिळत नाही.

मग नळी. बॅटरी पुढे, मागचं टायर चार मीटर लांब. वायर आणि नळी मिळून ती लांबी ताणाशिवाय पुरली पाहिजे, हे दुकानासमोर गाडी उभी करूनच मोजा. स्प्रिंगसारखी गुंडाळलेली प्लास्टिकची नळी थंडीत ताठ होते आणि वॉल्व्हला एका बाजूला ओढते. रबरी सरळ नळी बरी. नोझल दोन प्रकारचं येतं. आट्यांचं घट्ट बसतं, पण काढताना तीन-चार वळसे द्यावे लागतात आणि तेवढ्यात हवा फुसफुसत एक-दोन पीएसआय उतरते, शिवाय पितळ इतकं तापलेलं असतं की बोट भाजतं. खटक्याचं नोझल एका झटक्यात निघतं. ते जास्तीचं घ्यावं. आट्यांचंच असेल तर 33 ऐवजी 35 पर्यंत भरा आणि हातमोजा घाला.

यंत्रावरच्या काट्यावर विसंबू नका. हवा भरताना तो नळीतला दाब दाखवतो, टायरमधला नव्हे, म्हणून चालू मोटरवर जास्त वाचन येतं. बंद करून वाचा, आणि वेगळा गेज जवळ ठेवा. दोन्ही गेज सारखे नसतील. घरून निघताना एकच गेज पक्का करायचा आणि संपूर्ण प्रवासात त्याच्याच भाषेत बोलायचं.

खरी परीक्षा नागपुरातच घ्या, आणि ती नवतप्यात, मेअखेरच्या सगळ्यात तापत्या नऊ दिवसांत घ्या. दुपारी दोनला, सिमेंटच्या रस्त्यावर, चारही टायर 25 वर आणा आणि इंजिन चालू ठेवून एकामागोमाग एक 33 वर न्या. मधे यंत्राला विश्रांती देऊ नका. चांगलं यंत्र चारही टायर एका दमात भरतं. तापून आपोआप बंद पडलं तर ते खराब आहे असं नाही, पण किती मिनिटांनी पडलं आणि परत चालू व्हायला किती वेळ लागला, ते लिहून ठेवा. हीच त्याची खरी क्षमता. डब्यावर छापलेला 'मिनिटाला इतके लिटर' हा आकडा समोर काहीच दाब नसतानाचा असतो, टायर जोडल्यावर तो पुष्कळ खाली येतो.

नागपूर उष्णता दाखवतं, पण विरळ हवा दाखवत नाही. हे गणित समजून घ्या. 215/65 आर 16 च्या टायरमध्ये साधारण 40 लिटर जागा असते. 8 पीएसआय वाढवायला नागपुरात बाहेरची सुमारे 22 लिटर हवा आत ढकलावी लागते. लोसरला, सुमारे 4,080 मीटरवर, त्याच 8 पीएसआयसाठी सुमारे 36 लिटर लागते, कारण तिथली हवाच पातळ. त्यात यंत्राला दाबाचं गुणोत्तर जास्त गाठावं लागतं, तेही त्याला जड जातं. म्हणून नागपुरात लागलेल्या वेळाच्या दीडपट ते दुप्पट वेळ तिथे धरा. पातळ हवा मोटरला थंडही कमी करते. तिथे दोन टायर झाले की पाच मिनिटं थांबा.

याच विरळ हवेची दुसरी गंमत. नागपुरात 45 अंशांत 33 पीएसआय भरलेलं टायर कुंझुमवर, सुमारे 4,550 मीटरवर, 5 अंशांत मोजलं तर पुन्हा 33 च्या आसपासच दिसतं. बाहेरचा दाब सुमारे 6 पीएसआयने कमी झाल्यामुळे वाचन वाढतं, आणि थंडीमुळे जवळपास तेवढंच घटतं. पण त्याच उंचीवर दुपारी ऊन लागलं आणि टायर चालून तापलं की वाचन वर जातं, आणि लोक घाबरून हवा सोडतात. हवा सकाळी, गाडी हलवण्याआधी मोजायची.

किती कमी करायची, यावर पुष्कळ चुकीचा सल्ला फिरतो. 16-18 पीएसआय हा वाळूचा आकडा आहे, जैसलमेरच्या धोऱ्यांचा. स्पितीचा रस्ता धारदार दगडांचा. तिथे 24 च्या खाली गेलं की टायरची बाजू फुगून बाहेर येते आणि दगडाच्या कडेला चिरते. तळव्यातलं छिद्र पट्टी खुपसून बुजवता येतं, बाजूची चीर नाही. भरलेल्या गाडीला 26, हलकी असेल तर 25, आणि वेग 40 च्या आत. पन्हाळी पत्र्यासारख्या लाटा असलेल्या भागात एवढ्यानेही गाडीचा खडखडाट लक्षात येण्याइतका कमी होतो आणि शॉकॲब्सॉर्बर कमी तापतात. नाले सकाळी लवकर ओलांडा, दुपारी बर्फ वितळून पाणी चढतं.

डांबर लागल्यावर मात्र आळस करायचा नाही. 25 वर 80 च्या वेगाने गेलं की टायरची बाजू सतत दुमडून तापते, आणि टायर फुटतो तो तिथेच.

जोडताना लाल चिमटा बॅटरीच्या अधिकला, काळा शक्यतो इंजिनच्या किंवा चासीच्या उघड्या धातूला. ज्या गाड्या सिग्नलवर आपोआप बंद होतात त्यांच्या उणे टोकावर सेन्सर असतो, तिथे चिमटा लावू नये. इंजिन चालू ठेवा, नाहीतर थंडीत आधीच सुस्त झालेली बॅटरी आणखी उतरेल. यंत्र फुफाट्यात ठेवू नका. ते जमिनीलगतची धूळ ओढतं, फिल्टर तुंबतो, मग वॉल्व्हमध्ये कण अडकून दाब धरत नाही. खाली गाडीचं पायपुसणं अंथरा. फिल्टरचा स्पंज रोज संध्याकाळी झटका.

दुकानाबद्दल एवढंच: घाट रोडवर विचारा, वाडीच्या ट्रकवाल्यांच्या दुकानांतही विचारा, आणि जो दुकानदार त्याच्याच गाडीच्या बॅटरीवर चालवून दाखवेल त्याच्याकडून घ्या. बिलासोबत वॉल्व्हच्या चार जास्तीच्या पिना, पिन काढायचा छोटा पाना आणि धातूच्या टोप्या मागून घ्या. धुळीत पिन गळायला लागली की कितीही भारी कंप्रेसर असो, सकाळी टायर खाली बसलेलं असतं. तपासायला थुंकीचा एक थेंब वॉल्व्हवर लावा: बुडबुडा आला की पिन बदला.