‘हार्डडिस्क गेली’ म्हणून सांगितलेला कॉम्प्युटर आणि चिपळूणचं एक दुकान

चिपळूणला चिंचनाक्याच्या जवळ, जिना चढून वर असलेलं हे दुकान खालून जाणाऱ्याच्या नजरेत भरणार नाही. पण घरात विंडोज एक्सपीवर चालणारं जुनं मशीन असेल आणि कुणी ‘फॉरमॅट मारूया’ म्हणत असेल, तर आधी इथे न्या. पाचपैकी चार तारे देतेय. एक का कापला ते पुढे सांगते.

आमचं शृंगारतळीला डीटीपीचं काम. पूजेची निमंत्रणं, नमनाची हँडबिलं, लग्नपत्रिका. जुन्या मराठी फॉन्टचं जे सॉफ्टवेअर आहे त्याचं डोंगल (जे लावल्याशिवाय ते सॉफ्टवेअर चालतच नाही असा छोटा तुकडा) प्रिंटरच्या लांबड्या पोर्टला लागतं, आणि आताच्या मशीनना ते पोर्टच नसतं. म्हणून २०११ सालचा कॉम्प्युटर आणि त्यावर एक्सपी. हसणाऱ्यांनी हसावं, वीस वर्षांच्या पत्रिकांच्या फायली त्यातच उघडतात.

जूनमध्ये एका सकाळी विंडोजचा लोगो आला आणि लगेच निळा स्क्रीन, खाली ७बी ने संपणारा कोड. पुन्हा चालू केला, पुन्हा तेच. आधी ज्यांना दाखवला त्यांनी एक्सपीची सीडी घातली. सीडी म्हणाली, मशीनमध्ये एकही हार्डडिस्क सापडली नाही. झालं, निदान ठरलं: डिस्क गेली, नवीन घाला. आणि आतल्या फायली? ‘मिळाल्या तर मिळाल्या.’

चिपळूणच्या दुकानातल्या मुलाने पेचकस हातात घ्यायच्या आधी प्रश्न विचारले. “ताई, रात्री प्लग काढून ठेवता काय?” म्हटलं, पावसाळ्यात विजा असतात, आमच्याकडे सगळेच काढतात. “चालू करताना एफ१ दाबा म्हणतो? घड्याळ मागे गेलंय?” दोन्ही हो. त्यावर तो म्हणाला, “मग डिस्क बहुतेक ठीक आहे. तरी पहिली कॉपी घेऊ.” डिस्क काढून त्याच्या मशीनला यूएसबीने जोडली. सगळे फोल्डर दिसले तेव्हा माझा जीव भांड्यात पडला.

कारण असं निघालं. मदरबोर्डवरचा बटणासारखा सेल, सीआर२०३२, संपला होता. प्लग लावलेला असेल तोवर बोर्डाला वीज मिळते आणि बायोसची, म्हणजे विंडोजच्याही आधी चालू होणाऱ्या बोर्डावरच्या प्रोग्रॅमची, सेटिंग्ज टिकतात. प्लग काढला की सगळा भार सेलवर. सेल मेलेला, म्हणून बायोस कंपनीच्या मूळ सेटिंगवर गेला, आणि त्यात आमच्या बोर्डावर साटा मोड, म्हणजे डिस्कशी बोलायची पद्धत, जुन्या आयडीईऐवजी नवा एएचसीआय असतो. एक्सपी २००१ ची, एएचसीआय आलं २००४ मध्ये. त्या पद्धतीने डिस्क चालवायला लागणारं सॉफ्टवेअर, म्हणजे ड्रायव्हर, एक्सपीत मुळातच नाही. विंडोज सुरू व्हायला लागते आणि मध्येच तिला स्वतःचीच डिस्क दिसेनाशी होते. सीडीचंही तेच: सेटअपच्या सुरुवातीला एफ६ दाबून फ्लॉपीतून ड्रायव्हर दिल्याशिवाय तिला डिस्क दिसणार कशी? सेल बदलला, मोड पुन्हा आयडीईवर ठेवला, विंडोज उघडली.

इथेच पैसे घेऊन मोकळं होता आलं असतं. पण पेजमेकर (पानं मांडायचं सॉफ्टवेअर) उघडायला लागणारा वेळ बघून त्याने स्वतःहून विंडोजच्या डिव्हाइस मॅनेजरमध्ये आयडीई चॅनल, म्हणजे डिस्क जोडलेली वाट, तपासला. डिस्क थेट मेमरीशी बोलते त्या वेगवान डीएमएऐवजी हळू पीआयओ मोड! डिस्कशी बोलताना सहाच्या वर चुका झाल्या की एक्सपी वेग एकेक पायरी उतरवत जाते आणि आपणहून वर चढत नाही. पीआयओमध्ये सगळी वाहतूक प्रोसेसरच्या डोक्यावर. मी इतके दिवस ‘म्हातारं झालंय’ म्हणत होते त्याचं मूळ हे. चुका केबलमुळे होत होत्या. आमच्या खाऱ्या, दमट हवेने कनेक्टर काळे पडलेले. डिस्क स्वतःच्या तब्येतीची नोंद ठेवते त्या ‘स्मार्ट’ अहवालात सीआरसीच्या, म्हणजे वाटेत डेटा बिघडल्याच्या, चुकांचा आकडा मोठा आणि खराब सेक्टर शून्य, म्हणजे डिस्क निर्दोष. नवी केबल लावून त्याने तो चॅनल डिव्हाइस मॅनेजरमधून काढून टाकला. रीस्टार्ट केल्यावर विंडोजने तो नव्याने ओळखला, डीएमएवर.

एएचसीआयचा ड्रायव्हर घालून मोड बदलू का, असंही मी विचारलं. म्हणाला, जमेल, पण ड्रायव्हर आधी आणि बायोसमधला बदल नंतर, आणि तुमच्या कामाला त्याने फरक पडणार नाही. न विकता गप्प बसणारा दुकानदार मला आवडतो. कॅबिनेटच्या आत त्याने ‘साटा मोड : आयडीई’ अशी चिठ्ठी चिकटवली आणि इंटरनेटची वायर मात्र लावू नका म्हणून बजावलं, कारण एक्सपीचे सुरक्षा अपडेट ८ एप्रिल २०१४ पासून बंद आहेत.

सेल, केबल आणि मजुरी धरून साडेसहाशे रुपये. गावात नव्या डिस्कचेच तीन हजार सांगितले होते.

आता कापलेला तारा. फोन उचलत नाहीत. ‘संध्याकाळी या’ म्हणजे दुसऱ्या दिवशी. दुपारी दीड ते चार शटर खाली, ते चिपळूणला चालतंच, पण गुहागरकडून एसटीने मांडीवर सीपीयू घेऊन येणाऱ्याला बसायला जिन्याशिवाय जागा नाही. बिल मागितल्याशिवाय मिळत नाही, तेव्हा मागा. सकाळी दहाला पोचाल अशी गाडी धरा. डोंगल सोबत न्या, नाहीतर फॉन्ट चालतात की नाही ते तिथे तपासता येणार नाही. प्रिंटर नेऊ नका, ते घेत नाहीत.