पीडीएफ.जेएस: स्क्रीनवर एकदम मस्त, प्रिंटसाठी मात्र थोडी मेहनत

मुलांसाठी एक मल्टिमीडिया ॲप करतेय, इलेक्ट्रॉनवर (वेबच्या तंत्राने कॉम्प्युटरवरचं ॲप बनवायचं साधन). व्हिडिओ, आवाज, ॲनिमेशन, छोटे छोटे खेळ असं सगळं आहे आणि प्रत्येक धड्याच्या शेवटी एक वर्कशीट, ती पीडीएफमध्ये. मुलाने ती ॲपमध्येच बघायची, बटण दाबायचं आणि कागद हातात यायला पाहिजे, मध्ये दुसरं कुठलं सॉफ्टवेअर उघडायला नको, बस एवढंच हवं होतं. ऐकायला अर्ध्या दिवसाचं काम वाटतं पण तसं अजिबात नाहीये. बरेच महिने पीडीएफ.जेएस ही पीडीएफ दाखवणारी लायब्ररी (आपल्या ॲपमध्ये जोडायचा तयार कोड) वापरल्यावर आता नीट लिहिता येईल असं वाटलं म्हणून हा रिव्ह्यू.

हा प्रश्न जुनाच आहे बरं का. सीडीरॉमच्या काळात डायरेक्टर नावाच्या मल्टिमीडिया सॉफ्टवेअरमध्ये ॲप बनवायचे तेव्हा पीडीएफ दाखवायला वेगळं एक्स्ट्रा, म्हणजे त्याचं प्लगइन, लागायचं, नाहीतर ॲडोबी रीडरचा ॲक्टिव्हएक्स कंट्रोल नावाचा तुकडा खिडकीत बसवायचा, आणि समोरच्याच्या मशीनवर रीडर नसेल तर सगळंच अडलं, म्हणून सीडीवर रीडरचा इन्स्टॉलरही टाकून द्यायचे. डायरेक्टरची विक्री २०१७ मध्ये बंद झाली, २०२० संपताना फ्लॅशही गेलं. पीडीएफ मात्र १९९३ पासून आहे तिथेच आहे, २००८ मध्ये तर तिचं आयएसओ, म्हणजे आंतरराष्ट्रीय, स्टँडर्ड झालं, त्यामुळे आपलं ॲप कशातही लिहा, पीडीएफ दाखवायची वेळ येतेच.

आधी मी एक विकतचं प्लगइन घेतलं होतं. पान उलटलं की बाजूला चाललेला व्हिडिओ अडखळायचा, आवाज तुटायचा, आणि मुलाला वाटायचं ॲप बंद पडलं. सपोर्टला दोनदा लिहिलं, उत्तर आलं नाही, मग सोडून दिलं.

पीडीएफ.जेएस म्हणजे मोझिलाची ओपन सोर्स लायब्ररी, २०११ मध्ये सुरू झाली, २०१३ पासून फायरफॉक्समध्ये पीडीएफ उघडते ती हिच्यामुळेच. अपाची २.० लायसन्स आहे म्हणजे विकायच्या ॲपमध्येही बिनधास्त घालता येते. जवळजवळ सगळं जावास्क्रिप्टमध्ये असल्यामुळे समोरच्या मशीनवर काहीही इन्स्टॉल करावं लागत नाही, आपल्या ॲपच्या फोल्डरमध्येच सगळं येतं, आणि माझ्यासाठी अर्धी लढाई तिथेच जिंकली.

तर स्क्रीनवर कशी आहे? खूप छान आहे. फाइल वाचायचं आणि उलगडायचं जड काम वेगळ्या वर्करमध्ये, म्हणजे मागे वेगळ्या चालणाऱ्या कोडमध्ये, चालतं, आणि पान रंगवायचं काम ॲपच्या मुख्य थ्रेडवर (बाकी ॲप जिथे चालतं तिथेच) असलं तरी ते एका दमात न करता थोडं थोडं करत जाते, त्यामुळे व्हिडिओ चालू असताना पान उलटलं तरी आवाज तुटत नाही. हे मी मुद्दाम बघितलं, मोठ्या चित्रांची १२ पानी फाइल घेतली, शेजारी गाणं लावलं आणि पटापट पानं उलटत राहिले, एकदाही अडखळलं नाही. मला तर त्या दिवशी इतकं बरं वाटलं की काय सांगू.

एक गोष्ट मात्र नवीन माणसाला हमखास नडते, ती म्हणजे अक्षरं धूसर दिसणं. पीडीएफचं माप असतं इंचाला ७२ पॉइंट, म्हणजे ए४ पान ५९५ बाय ८४२. स्केल १ ठेवून पान काढलं की कॅनव्हास (पान ज्यावर रंगवलं जातं ती जागा) तेवढ्याच पिक्सेलचा होतो, मग सीएसएसने, म्हणजे पानाची मांडणी ठरवणाऱ्या कोडने, ताणून मोठा केला की अक्षरं फुटतात आणि लोक म्हणतात लायब्ररी खराब आहे. लायब्ररी खराब नाहीये. आपल्या जागेची रुंदी ९०० पिक्सेल असेल तर ९०० भागिले ५९५ हा स्केल धरा, त्याला स्क्रीनच्या पिक्सेल रेशोने (सीएसएसच्या एका पिक्सेलला स्क्रीनचे किती पिक्सेल लागतात त्या आकड्याने) गुणा, कॅनव्हास त्या मोठ्या मापाचा करा आणि सीएसएसमध्ये रुंदी ९०० च ठेवा. मग बघा काना, मात्रा, अनुस्वाराचा ठिपका, सगळं कसं स्वच्छ दिसतं.

मराठीचं विचाराल तर दिसायला काहीच अडचण नाही, कारण जोडाक्षरं कशी जुळवायची ते पीडीएफ बनतानाच ठरलेलं असतं, फॉन्ट फाइलच्या आतच घातलेला (एम्बेड केलेला) असला की झालं. पण शोधायला गेलात तर वेगळी गोष्ट. जुन्या, युनिकोड नसलेल्या डीटीपी फॉन्टमध्ये बनवलेली फाइल असेल तर पानावर सुंदर मराठी आणि कॉपी केलं की भलतीच इंग्रजी अक्षरं. ते लायब्ररीच्या हातात नाही, फाइलच तशी आहे. ॲपमध्ये सर्च द्यायचा असेल तर वर्कशीटा युनिकोडमध्येच करून घ्या, नंतर निस्तरत बसू नका.

दोन बारीक गोष्टी. मुख्य फाइल आणि वर्करची फाइल एकाच व्हर्जनची लागते, एक अपडेट केली आणि दुसरी राहिली तर सरळ एरर येतो. आणि मुलं पुढचं बटण धडाधड दाबतात, तेव्हा आधीचं पान रंगवणं चालू असताना त्याच कॅनव्हासवर दुसरं सुरू केलं तर तेही चालत नाही, आधीचं काम कॅन्सल करा, ते थांबू द्या, मगच पुढचं. हे मी तीन दिवस शोधत होते.

आता प्रिंट. इथे मात्र नीट समजून घ्या, कारण हिच्याबरोबर येणारा जो तयार व्ह्यूअर आहे तो कागदावर पाठवतो ती मूळ पीडीएफ नसतेच, तो प्रत्येक पानाचं चित्र बनवतो आणि ती चित्रं ब्राउझरच्या प्रिंटला देतो. चित्राचं रिझोल्युशन ठेवलंय १५० डीपीआय, म्हणजे इंचाला १५० ठिपके. ए४ ला ते होतं १२४० बाय १७५४ पिक्सेल, एका पानाला साधारण ८.७ एमबी मेमरी. मोठ्या अक्षरांना हे पुरतं पण गिरवायच्या ठिपक्यांच्या रेघा आणि बारीक अक्षरं मऊ पडतात. ३०० केलं तर फरक लगेच दिसतो, पण मेमरी चौपट, पानाला जवळजवळ ३५ एमबी, म्हणजे ४० पानांचं पुस्तक एकदम प्रिंटला लावलं की साधं मशीन दमतं. तेव्हा मी ३०० ठेवलं आणि एका वेळी एकच वर्कशीट प्रिंट होऊ दिली.

शिवाय कागदाचं माप तो पहिल्या पानावरून ठरवतो. सगळी पानं सारखी असतील तर ठीक, मध्येच एखादं वेगळ्या मापाचं पान आलं तर प्रिंट चुकू शकतं, आणि तसा इशारा फक्त कन्सोलमध्ये (प्रोग्रामरसाठीच्या संदेशांच्या खिडकीत) येतो जो वापरणाऱ्याला कधीच दिसणार नाही. वेगळ्या मापाची पानं वेगळ्या फाइलमध्ये काढा, सगळ्यात सोपं.

आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे माप. आमच्या एका वर्कशीटवर १० सेंटीमीटरची पट्टी छापलेली आहे, मुलाने ती कापून घरातल्या वस्तू मोजायच्या. प्रिंट काढलं, खरी पट्टी लावली तर ९ सेंटीमीटर ४ मिलिमीटर! कारण पान छापायच्या जागेत बसवून घ्या हा पर्याय चालू राहिला होता, दोन्ही बाजूंना सहा सहा मिलिमीटर सोडले की २१० चे १९८ होतात, म्हणजे ९४ टक्के. चित्र बघायचं असेल तर कुणाला कळणारही नाही, पण मोजायला शिकवणाऱ्या पानावर खोटी पट्टी देणं मला अजिबात चालणार नव्हतं. मूल त्या पट्टीवर विश्वास ठेवतं हो.

म्हणून आता स्क्रीनवर पीडीएफ.जेएस आणि कागदावर मूळ फाइल असं करून टाकलंय. विंडोजवर सुमात्रापीडीएफ हा छोटा पीडीएफ रीडर ॲपबरोबरच देऊन कमांडने चालवता येतो, प्रिंट सेटिंगमध्ये नोस्केल दिलं की मापाला हात लावत नाही, आणि सायलेंट दिलं की एरर आला तरी खिडक्या उघडत नाहीत. तोही ओपन सोर्स आहे, पण त्याचं लायसन्स जीपीएल प्रकारातलं, म्हणजे अपाचीपेक्षा जास्त अटींचं आहे, ते आधी वाचून घ्या. लिनक्स आणि मॅकवर एलपी या छपाईच्या कमांडला पीडीएफ थेट देता येते. अर्थात माप कमी न करता छापलं तर प्रिंटर कडेचा भाग कापतो, म्हणून सगळ्या वर्कशीटांना चारही बाजूंनी १५ मिलिमीटर मोकळे सोडून घेतले.

मुलाने ॲपमध्येच फॉर्म भरला असेल, नाव वगैरे, तर मूळ फाइल पाठवून चालत नाही कारण ते भरलेलं तिच्यात नसतं. तेवढ्यापुरतं चित्र करूनच छापते, आणि तिथे रेंडर करताना (पान रंगवताना) इंटेंट, म्हणजे हे कशासाठी रंगवायचं ते सांगणारा पर्याय, प्रिंट असा द्यायला विसरू नका. एक तर कुठल्या नोंदी फक्त स्क्रीनसाठी आणि कुठल्या कागदासाठी हे त्यावरून ठरतं, आणि दुसरं म्हणजे हे चित्र छपाईसाठी उघडलेल्या, लपवलेल्या खिडकीत बनतं, आणि तिथे साधं रेंडर लावलं तर ते स्क्रीनच्या पुढच्या फ्रेमची वाट बघत तिथेच थांबून राहतं, प्रिंटचा इंटेंट दिला की थांबत नाही. अशा खिडकीतून इलेक्ट्रॉनला सायलेंट प्रिंट आणि मार्जिन नन सांगितलं की मधला डायलॉगही येत नाही.

दाखवायला पाचपैकी पाच, छापायला तीन. ती पट्टी काल नव्या बिल्डमधून पुन्हा छापली, खऱ्या पट्टीशेजारी ठेवली, १० ची रेघ बरोबर १० वर आली.