गारा पडून गेल्यावर: क्लेम करायचा की खिशातून छप्पर दुरुस्त करायचं?

डॅलसच्या उत्तरेला, फ्रिस्को-प्लेनो-मॅककिनी पट्ट्यात, मार्च ते जून हे गारांचे दिवस. रात्री वीस मिनिटं डोक्यावर कुणीतरी खडीचा डंपर रिकामा करतंय असं वाटतं, आणि सकाळी चहा व्हायच्या आत दारात शिडीवाला हजर. "तुमचं रूफ गेलंय. सगळे पैसे इन्शुरन्स देईल. फक्त इथे सही करा."

सही करू नका. निदान त्या सकाळी तरी नको.

आपल्यातल्या बहुतेकांचं लहानपण स्लॅबखाली गेलेलं. कोकणातल्या मंडळींना पावसाळ्याआधी घर शाकारणं माहीत असतं: फुटलेलं कौल काढायचं, नवं सरकवायचं. इथलं छप्पर वेगळं. लाकडी फळ्यांवर ठोकलेल्या डांबरी पट्ट्या, म्हणजे शिंगल्स, आणि त्यांच्यावर बारीक दगडी दाण्यांचा थर. गार आपटली की दाणे उडतात, खालचं डांबर उघडं पडतं, मग टेक्ससचं ऊन ते कडक करून तडकवतं. आज एक थेंब गळत नाही, दोन-तीन वर्षांनी गळतं. खालून पाहणाऱ्याला काहीच दिसत नाही, म्हणून तर निर्णय घेताना गोंधळ होतो.

पहिली तुलना: क्लेम की खिसा

छपरावर चढण्याआधी पॉलिसीचं पहिलं पान, म्हणजे डिक्लेरेशन पेज, उघडा. त्यावर दोनच गोष्टी शोधायच्या. एक, वारा आणि गारांसाठीचं डिडक्टिबल, म्हणजे नुकसानीतला आपण स्वतः सोसायचा वाटा. ते इथे बहुधा ठरावीक डॉलरमध्ये नसतं. घराच्या विमा-रकमेच्या १ किंवा २ टक्के असं असतं, आणि ही रक्कम म्हणजे घर पुन्हा बांधायचा खर्च. बाजारभावाशी तिचा संबंध नाही. दोन, छपराची भरपाई कशी मिळणार. 'रिप्लेसमेंट कॉस्ट' असेल तर नव्या छपराची किंमत धरतात. 'ॲक्च्युअल कॅश व्हॅल्यू' असेल तर छपराच्या वयाची घसारा-वजावट करून उरेल तेवढीच. हप्ता कमी दिसतो म्हणून दुसरा प्रकार घेतलेले कितीतरी जण आहेत, आणि आपण तो घेतलाय हे त्यांना गारा पडल्यावर कळतं.

आमच्याच घराचे आकडे, गोल करून: विमा साडेचार लाख डॉलरचा, छप्पर १४ वर्षांचं, बदलायचा अंदाज १६,५०० डॉलर, घसारा निम्मा. यावर हातात किती येईल ते चारही बाजूंनी मांडून पाहिलं:

| | १% डिडक्टिबल (४,५००) | २% डिडक्टिबल (९,०००) |
|---|---|---|
| रिप्लेसमेंट कॉस्ट | १२,००० | ७,५०० |
| ॲक्च्युअल कॅश व्हॅल्यू | ३,७५० | ० |

छप्पर तेच, गारा त्याच, अंदाजही तोच. खालच्या उजव्या चौकटीत बसणाऱ्याने क्लेम केला तर पदरात पडणार फक्त नोंद. ही नोंद 'क्लू' नावाच्या सामायिक दप्तरात सात वर्षं राहते आणि नवी कंपनी कोट देताना ती पाहते. वादळ-गारांच्या क्लेमवरून पॉलिसी बंद करण्यावर टेक्ससच्या कायद्यात बंधनं आहेत खरी, पण हप्ते तुमच्या एकट्याकडे पाहून वाढत नाहीत, अख्ख्या परिसराचे वाढतात. म्हणून "मी क्लेम केला नाही तर माझा हप्ता वाढणार नाही" या समजुतीवर फार विसंबू नका.

माझं मत सरळ आहे. अंदाज डिडक्टिबलच्या आसपास घुटमळत असेल तर क्लेम नको. वाऱ्याने कडेच्या दहा-बारा शिंगल्स उडाल्या असतील तर ते काम खिशातूनच करून टाकायचं. पण गारांनी सगळे उतार ठोकून काढलेत आणि पॉलिसी रिप्लेसमेंट कॉस्टची आहे, तर संकोच कसला? हप्ते याचसाठी भरले. फक्त वेळ काढू नका: टेक्ससमध्ये गारांच्या क्लेमसाठी एक वर्षाची मुदत घालायची मुभा कंपन्यांना आहे आणि बऱ्याच पॉलिसींत ती असते.

दुसरी तुलना: दारात आलेला रूफर की आपण शोधलेला

टेक्सस राज्य रूफरला परवाना देत नाही. ज्याच्याकडे ट्रक आणि शिडी, तो रूफर. वादळामागून गावोगाव फिरणाऱ्या टोळ्या त्यामुळेच फोफावतात. त्यातले सगळेच लबाड नसतात. काहींचं काम चांगलंही असतं. अडचण पुढच्या वर्षी येते, कारण चिमणीजवळ गळायला लागल्यावर तो माणूस ओक्लाहोमात किंवा कोलोरॅडोत असतो.

शिडीवाल्याचं सर्वांत गोड वाक्य म्हणजे "डिडक्टिबल आम्ही सोडतो." हा टेक्ससमध्ये गुन्हा आहे. १ सप्टेंबर २०१९ पासूनचा कायदा स्पष्ट आहे: डिडक्टिबल घरमालकानेच भरायचं, आणि ते भरल्याचा पुरावा कंपनी मागू शकते. आमच्या ओळखीतल्या एका कुटुंबाने असं 'सोडलेलं' डिडक्टिबल स्वीकारलं. पुरावा मागितल्यावर रूफर फोन उचलेना आणि उरलेली रक्कम महिनोनमहिने अडकली.

आणखी एक. छप्पर बसवणाऱ्यालाच तुमच्या वतीने कंपनीशी क्लेमची बोलणी करता येत नाहीत. ते काम परवानाधारक पब्लिक ॲडजस्टरचं. त्याची फी टेक्ससमध्ये भरपाईच्या १० टक्क्यांहून जास्त असू शकत नाही, पण साध्या छपरासाठी तो मला अनावश्यक वाटतो. कंपनीने साफ नाकारलं किंवा आतलं छत, भिंतीही भिजल्या, तर वेगळी गोष्ट.

रूफरने एक मात्र करावं: कंपनीचा ॲडजस्टर, म्हणजे नुकसान तपासणारा माणूस, येईल तेव्हा हजर राहून मार दाखवावा. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ रायगड-रत्नागिरीवरून गेल्यावर तलाठी पंचनाम्याला आले, तेव्हा घरमालकांसोबत शेजारचे पंच उभे होते. इथे तलाठी कंपनीचाच आणि पंच कुणी नाही. ॲडजस्टर प्रत्येक उतारावर खडूने दहा बाय दहा फुटांचा चौकोन आखतो आणि त्यातले मार मोजतो. शिंगल्सवरचा डाग गारेचा की जुनाटपणाचा, यावर वाद होतो. छपराच्या कडेची पन्हळ आणि व्हेंटच्या टोपणांवरचे पोचे मात्र वादातीत असतात. त्यांचे फोटो दुसऱ्याच दिवशी काढून ठेवा. गारांचेही काढा, शेजारी नाणं ठेवून. एक इंच म्हणजे मोठ्या सुपारीएवढी, पावणेदोन इंच म्हणजे लिंबाएवढी. ११ एप्रिल २०१६ ला वायली गावात पडल्या त्या क्रिकेटच्या चेंडूहून मोठ्या होत्या. तिथे नाण्याची गरज पडली नसेल.

गळत असेल तर लगेच ताडपत्री घाला आणि पावती जपा. पुढचं नुकसान थांबवणं ही पॉलिसीप्रमाणे तुमचीच जबाबदारी.

तिसरी तुलना: साधी शिंगल की क्लास ४

छप्पर बदलायचंच ठरलं की हा प्रश्न येतो. क्लास ४ म्हणजे यूएल २२१८ चाचणीतली वरची श्रेणी: दोन इंची पोलादी गोळा वीस फुटांवरून एकाच जागी दोनदा टाकतात, पट्टी तडकता कामा नये. पण गार पोलादाची नसते. साउथ कॅरोलायनातली आयबीएचएस ही संस्था बर्फाच्या गारा बनवून चाचणी घेते, आणि तिच्या गुणपत्रिकेत क्लास ४ शिक्का असलेल्या शिंगल्सही एकसारख्या उतरत नाहीत. ब्रँड निवडण्याआधी ती पाहावी. इंटरनेटवर फुकट आहे.

इन्शुरन्स तुम्हाला जुन्यासारखंच छप्पर देतं. वरचा फरक तुमचा. समजा तो ३,००० डॉलर आहे आणि क्लास ४ मुळे हप्त्यात वर्षाला ४०० डॉलर सूट मिळते, तर वसूल व्हायला साडेसात वर्षं. एच-वन-बीवर असाल, तीन वर्षांत सिॲटल की पुणे हेच ठरलेलं नसेल, तर साधी आर्किटेक्चरल शिंगल पुरे. मुलं इथेच शाळा संपवणार असतील तर मी क्लास ४ च घेईन, सवलतीपेक्षा दर चार वर्षांनी हा तमाशा नको म्हणून.

सही करण्याआधी एजंटला दोन गोष्टी लेखी विचारा. सूट नक्की किती (कंपनीगणिक फार फरक पडतो), आणि तिच्या बदल्यात 'दिसण्यापुरतं नुकसान भरून देणार नाही' असं कलम घुसतंय का. घरमालक संघटनेने अशा शिंगल्सना नुसतं नाही म्हणून चालत नाही; दिसायला आजूबाजूच्या छपरांशी जुळत असतील तर राज्याचा कायदा तुमच्या बाजूने आहे. रंगाची मंजुरी मात्र आधी घ्या.

आमचं काय झालं

आम्ही वरच्या उजव्या चौकटीत होतो. कंपनीचं पहिलं पत्र आलं, त्यात देय रक्कम शून्य. बायको म्हणाली, "नाकारला वाटतं." नाकारला नव्हता. आधी घसारा वजा करतात, मग डिडक्टिबल: ८,२५० मधून ९,००० गेले की हातात काही उरत नाही. घसाऱ्याचे पैसे काम पूर्ण झाल्याचं बिल दिल्यावर सुटतात, तोवर ते आपण उभे करायचे. पुष्कळ लोक हे पत्र वाचून तिथेच सोडून देतात.

आम्ही बिल आणि डिडक्टिबल भरल्याचा पुरावा पाठवला. ७,५०० चा चेक आला तो आमच्या आणि गृहकर्जवाल्या बँकेच्या जोडनावाने. बँकेची सही मिळेपर्यंत आणखी तीन आठवडे. तेवढ्यात ड्राइव्हवेवर रूफरचे राहिलेले खिळे वेचून झाले. मागच्या टायरमध्ये घुसलेला एक मात्र नजरेतून सुटला होता.