एसी डबलडेकर: आठ महिन्यांनंतर

सीएसएमटी ते नरिमन पॉइंट, सकाळ-संध्याकाळ, आठ महिने नव्या इलेक्ट्रिक डबलडेकरने जातोय. आधी चांगलं सांगून टाकतो. गारवा आहे, धक्के कमी, इंजिनाची घरघर नाही. पायरी इतकी खाली की गुडघेदुखीवाली आई कुणाचा हात न धरता चढली. २०२५च्या मे महिन्यात एसीचं किमान भाडं सहाचं बारा रुपये झालं, तरी टॅक्सीपेक्षा स्वस्तच.

पण काच उघडत नाही. माझी खरी तक्रार एवढीच.

जुन्या गाडीत वरच्या मजल्यावरच्या अगदी पुढच्या सीटसाठी आम्ही भावंडं जिन्यावरूनच ढकलाढकली करायचो. खिडकी उघडी, वारा असा तोंडावर की डोळ्यांत पाणी. पावसाळ्यात फांद्या टपाला घासत जायच्या, एखादं ओलं पान मांडीवर पडायचं आणि मागून बाबा ओरडायचे, "हात आत घे!" डोळे मिटले तरी बेकरीच्या वासावरून फोर्ट आणि खाऱ्या वाऱ्यावरून समुद्र आल्याचं कळायचं. आता मोठ्या काचेतून उलट जास्तच दिसतं, पण आवाज बंद केलेल्या टीव्हीसारखं. सिग्नलला खालचा शेंगदाणेवाला ओरडतोय, हे त्याच्या तोंडावरून ओळखायचं.

तेव्हा कंडक्टर दोन असायचे, एक वर, एक खाली. घंटेची दोरी ओढली की टण म्हणजे थांब, टण टण म्हणजे चल. तिकिटाच्या पेटीवर पंचची टकटक ऐकू आली की बाबांचा हात खिशाकडे जायचा. आता मशीनमधून पावती येते. मागच्या दांडीला धरून सुटलेली बस पकडण्याची मजा मात्र मी परत मागणार नाही. दोनदा गुडघे फोडून घेतलेत.

मुंबईत डबलडेकर १९३७ साली आली. जुन्यांतली शेवटची १५ सप्टेंबर २०२३ला अंधेरीत ४१५ नंबरवर धावली. लोक फुलं घेऊन गेले होते. मी गेलो नाही. तसंही शेवटची कित्येक वर्षं ती खडखडायला लागली म्हणून मी लोकलच धरत होतो, तेव्हा हार घेऊन जायचं तोंड कुठलं?

नव्या गाडीतही बसतो वरच, पुढेच. ती सीट भरलेली दिसली तर उशीर झाला तरी एक बस सोडतो.