डरहॅमचा वळू आणि निपाणीची मी

घरच्या संघाच्या पोरानं चेंडू मैदानाबाहेर टोलवला की डावीकडच्या उंच निळ्या भिंतीवरचा अगडबंब वळू डोळे लाल करतो, शेपूट हलवतो आणि नाकपुड्यांतून भसाभसा धूर सोडतो. वयाच्या अडुसष्टाव्या वर्षी मी हे बघून खुर्चीवरून उठून टाळ्या पिटल्या. शेजारी बसलेली नात म्हणाली, "आजी, खाली बस ना, मागच्यांना दिसत नाही." तेव्हा अमेरिकेतल्या डरहॅम बुल्स या बेसबॉल संघाच्या सामन्याबद्दलचा हा अभिप्राय निष्पक्ष असेल असं कुणी समजू नये.

मी मूळची निपाणीची. लग्नानंतर कोल्हापूर, आणि तेहतीस वर्षं शाळेत गणित. लेक-जावई अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायनातल्या मॉरिसव्हिलला असतात. तिथे इतकी आपली माणसं आहेत की वाण्याकडे मेतकूट मिळतं आणि गावातल्या चर्च स्ट्रीट पार्कच्या मैदानावर क्रिकेटचे मोठे सामने होतात. त्यामुळे जावई "आई, बेसबॉल बघायला येताय का?" म्हणाले तेव्हा मी म्हटलं, क्रिकेट सोडून हे कशाला? "नाव ऐका तरी. डरहॅम बुल्स. तुमच्या तंबाखूचंच आहे," म्हणाले. मग गेले.

तिकिटाबद्दल एक सूचना. आम्ही ते मधल्या कुठल्याशा साइटवरून घेतलं आणि तिकिटाच्या वर 'सेवा', 'सोय' आणि आणखी कसले कसले आकार लावून तिनं चांगलंच कापलं. पुढच्या खेपेला थेट संघाच्या तिकीट खिडकीवर घेणार, हे लेकीनं तिथंच जाहीर केलं.

मैदानाला लागूनच जुना तंबाखूचा कारखाना आहे. अमेरिकन टोबॅको कंपनीचा. १९८७ साली बंद पडला, बरीच वर्षं पडून होता, मग दुरुस्त करून तिथे कचेऱ्या, खाणावळी, मधून वाहतं पाणी वगैरे केलंय. लाल विटांच्या भिंती, लोखंडी पूल, आणि वर 'लकी स्ट्राइक' लिहिलेली पाण्याची टाकी आणि धुराडं. सामना सातला होता, आम्ही पाचलाच पोचलो. मी एका भिंतीला नाक लावून वास घेतला. लेकीला कानकोंडं झालं. पण माझी आई वखारीत तंबाखू चाळायला जायची. संध्याकाळी ती घरी आली की तिच्या पदराला, केसांना, तिनं काढलेल्या भाकरीलासुद्धा तो वास असायचा. आम्ही भावंडं तिच्या कुशीत शिरायचो आणि फटाफटा शिंकायचो. डरहॅमच्या विटांना आता काही वास येत नाही. कॉफीचा येतो.

आता नावाची गोष्ट. अमेरिकेतलं यादवी युद्ध १८६५ मध्ये संपत आलं तेव्हा या गावाजवळ दोन्हीकडचे सैनिक तळ ठोकून होते. त्यांनी इथला तंबाखू ओढला, घरी गेल्यावर पत्रं पाठवून मागवायला लागले. तो विकणाऱ्या जॉन ग्रीननं थैलीवर छापायला चित्र शोधलं. मोहरीच्या एका इंग्लिश डब्यावर वळू होता, आणि ती मोहरी इंग्लंडातल्या डरहॅमची अशी त्याची समजूत होती, म्हणून त्यानं तोच उचलला असं सांगतात. म्हणजे अख्ख्या शहराची ओळख मोहरीच्या डब्यावरून आली! पुढे ब्लॅकवेलच्या कारखान्यानं तो वळू जगभर भिंतींवर रंगवला. कारखान्याचा भोंगासुद्धा वळूच्या हंबरण्यासारखा वाजायचा म्हणे. हे जावई सांगत होते तेव्हा माझ्या हातात मोठा प्रेट्झेल होता आणि त्यावर पिवळीजर्द मोहरी. चव ठीक. आपल्या फोडणीतल्या मोहरीची ती लांबची, जरा आंबट तोंडाची बहीण.

१९०२ मध्ये इथला पहिला संघ निघाला तो 'टोबॅकोनिस्ट्स' या नावानं, म्हणजे सरळ तंबाखूवाले. तो हंगामही पुरा करू शकला नाही. १९१३ मध्ये पुन्हा उभा राहिला तो 'बुल्स' होऊन. मधे खंड पडले, लीग बदलल्या, पण नाव मात्र फिरून फिरून तेच. मला हे का आवडलं ते सांगते. त्या दिवशी समोरचा संघ जॅक्सनव्हिलचा होता. त्यांचं नाव 'जंबो श्रिम्प', म्हणजे भली मोठी कोळंबी. २०१७ पर्यंत ते 'सन्स', सूर्य होते. सूर्याची कोळंबी झाली! अशा छोट्या लीगांमध्ये असं चालतंच, विचित्र नाव असलं की टोप्या खपतात. आलाबामात एका संघाचं नाव तर 'बिस्किट्स' आहे. माझी तक्रार नाही, पोरांना गंमत वाटते. पण डरहॅमचं नाव कुणी बसून सुचवलेलं नाही. ते थैलीवरून, भिंतीवरून, लोकांच्या पगारातून आलेलं आहे.

मात्र 'बुल' म्हणजे बैल नव्हे, वळू. हे मी नातीला दोनदा सांगितलं. आपल्याकडे संघाचं नाव 'बैल' ठेवलं तर पहिल्याच दिवशी खेळाडू राजीनामा देतील.

खेळाबद्दल. मला पहिल्या दोन इनिंगा काही कळलं नाही, मग एकदम कळायला लागलं. चेंडू टाकणारा पिचर, तो टप्पा पडू देत नाही, थेट हवेतून टाकतो. बॅटरच्या गुडघ्यापासून छातीपर्यंतच्या एका अदृश्य चौकटीत चेंडू गेला की स्ट्राइक, नाही तर बॉल. तीन स्ट्राइकला बाद, चार बॉलला फुकट पहिल्या बेसवर, म्हणजे धावेच्या वाटेवरच्या पहिल्या टप्प्यावर. आणि यावर पंचांशी वाद. तर इथे बॅटर नुसतं हेल्मेटवर टपली मारतो, की पडद्यावर चेंडूचा मार्ग उमटतो आणि निर्णय लागतो. आपला डीआरएसच! मोठ्या लीगला वापरायचं ते आधी या खालच्या लीगमध्ये घासूनपुसून बघतात. पिचरच्या मागे घड्याळही लावलंय, रेंगाळायचं नाही. तरी अडीच तास गेलेच. मधल्या वेळात संघाचा सोंगाड्या वळू, त्याचं नाव वूल ई. बुल, छोट्या गाडीतून मैदानभर फिरतो आणि पोरं त्याच्यामागे किंचाळतात.

एक गोष्ट नीट समजून घ्या, नाही तर चुकीची अपेक्षा घेऊन जाल. बुल्स हा स्वतःचे खेळाडू ठेवणारा संघ नाही. १९९८ पासून ते फ्लोरिडातल्या टॅम्पा बे रेजचे हाताखालचे, ट्रिपल-ए, म्हणजे मोठ्या लीगच्या एकच पायरी खाली. खेळाडूंचे पगार, त्यांना वर बोलावणं, खाली धाडणं सगळं टॅम्पाच्या हातात. आज तुम्हाला आवडलेला पोरगा उद्या सकाळी विमानात बसलेला असतो. इव्हान लाँगोरिया, डेव्हिड प्राइस, ब्लेक स्नेल असे सगळे इथून वर गेले. आमच्या मागच्या रांगेतल्या एका आजोबांना मी मोडक्या इंग्रजीत विचारलं, असं असेल तर तुम्ही टाळ्या कुणासाठी वाजवता? त्यांनी बोट वर केलं. वळूकडे.

मला ते पटलं. शाळेत तरी काय होतं? दहावीची तुकडी दरवर्षी जाते, फळा तिथेच.

आणि संघ काही लेचापेचा नाही. २००९, २०१७ आणि २०२२ मध्ये ट्रिपल-एचं राष्ट्रीय अजिंक्यपद जिंकलेलं आहे. पण हे सगळं होण्याआधी १९७२ ते ७९ शहरात संघच नव्हता. माइल्स वुल्फ नावाच्या माणसानं अडीच हजार डॉलरच्याही आत लीगचे हक्क घेतले आणि १९८० मध्ये बुल्स परत आणले. अडीच हजार! इचलकरंजीत तेवढ्यात तेव्हा जुना यंत्रमाग आला असता, फार तर दोन. मग १९८८ मध्ये 'बुल डरहॅम' हा सिनेमा आला, केव्हिन कॉस्टनरचा, आणि संघ देशभर माहीत झाला. धूर सोडणारा वळू हा मुळात त्या सिनेमासाठीच उभा केला होता. 'वळूला मारा, स्टेक जिंका' असं त्यावर लिहिलेलं. सिनेमावाले गेले, वळू राहिला. आताच्या वळूखाली आणखी एक ओळ आहे: 'गवताला मारा, सॅलड जिंका.' नात म्हणाली, "आजी, तू गवतालाच मार."

सिनेमातल्या नायकाचं नाव क्रॅश डेव्हिस. या संघानं त्याचा आठ नंबर कायमचा बाजूला काढून ठेवलाय, कुणाला देत नाहीत. खोट्या माणसाला खरा मान! पण थांबा, त्याच नावाचा एक खरा क्रॅश डेव्हिस १९४८ मध्ये बुल्सकडून खेळलेला आहे. दिग्दर्शकानं जुन्या विक्रमांच्या पुस्तकात नाव वाचलं आणि उचललं. मोहरीच्या डब्यावरून वळू, पुस्तकावरून नायक. या गावाला उचललेली वस्तू आपलीशी करायची हातोटी आहे.

दुसऱ्या दिवशी मी हट्टानं जुनं मैदान बघायला नेलं. नव्यापासून फार लांब नाही. १९२६ मध्ये तिथे 'एल टोरो पार्क' उघडलं तेव्हा बेसबॉलचे त्या वेळचे मुख्य कमिशनर, न्यायाधीश लँडिस, जिवंत वळूवर बसून मैदानात आले होते. आमच्याकडे बेंदराला शिंगं रंगवून, झूल घालून बैल वाजतगाजत आणतात, पण त्यावर न्यायाधीशाला बसवायची कल्पना निपाणीत कुणाला सुचली नाही. लाकडी स्टँड १९३९ मध्ये जळालं, पुन्हा बांधलं. सिनेमा तिथलाच. तिकिटाचा टोपीवाला बुरूज अजून आहे. दहा मिनिटं कुंपणाला धरून उभी राहिले. नव्या मैदानापेक्षा मला हेच जवळचं वाटलं, कारण लहान आहे.

आणि तिथेच जो मॉर्गनची आठवण निघाली. १९६३ मध्ये एकोणीस वर्षांचा हा काळा मुलगा बुल्सकडून खेळला. पुढे सिनसिनाटीचा केवढा मोठा खेळाडू झाला, बेसबॉलच्या सन्मानदालनात गेला. पण त्या वर्षी दक्षिणेतल्या मैदानांवर काळ्या प्रेक्षकांची बसायची जागा वेगळी, नळ वेगळे. ते बघून पोरगा खेळ सोडून घरी जायला निघाला होता. गेला नाही. बुल्सनं त्याचाही नंबर, अठरा, बाजूला ठेवलाय. आठच्या शेजारी अठरा बघताना मला आठवर हसू आलं होतं, अठरावर नाही आलं.

डरहॅमच्या कारखान्यांत पानांचे देठ काढायचं, सगळ्यात धुळीचं काम काळ्या बायकांकडे असायचं. हे मला लेकीनं परतताना गाडीत सांगितलं. मी गप्प होते. मग विचारलं, "त्यांना शिंका यायच्या का गं?" ती म्हणाली, "आई, हे कुणी कशाला लिहून ठेवेल?"

आता व्यवहाराचं. मैदान साधारण दहा हजारांचं, कुठूनही नीट दिसतं, पायऱ्या माझ्या गुडघ्यांना जमल्या. पहिल्या बेसच्या बाजूला बसलात तर वळू अगदी समोर येतो, पण उन्हाळ्यात टोपी लागतेच. शाकाहारी माणसानं प्रेट्झेल, शेंगदाणे, तळलेले बटाटे यावर भागवायचं. पोटभर जेवायचं असेल तर आधी कारखान्याच्या आवारात जेवून घ्या. एकाच पाहुण्या संघाशी मंगळवार ते रविवार रोज सामना असतो, त्यामुळे एक दिवस हुकला तर दुसरा आहे. सोमवारी जाऊ नका. शुक्रवारी बरेचदा सामन्यानंतर आतषबाजी असते. लहान पोरं झोपेला आलेली असतात, आवाजानं दचकतात, हे धरून चला. मला विचाराल तर पाचपैकी साडेचार. अर्धा कापला तो माझ्या बाजूनं, कारण कोळंबी जिंकली.

दुकानातून निळी टोपी घेतली. इंग्रजी 'डी' अक्षरातून वळू उडी मारून बाहेर येतोय, असं चित्र. कापड जाड, शिवण घट्ट, कोल्हापूरच्या पाण्यात तीनदा धुतली, रंग गेला नाही. सकाळी रंकाळ्यावर फिरायला ती घालून जाते. परवा एका ओळखीच्या मास्तरांनी थांबवलं, "काय बाई, कुठल्या पक्षाची म्हणायची ही?"

"तंबाखूवाल्यांची," मी म्हटलं.